बिनचिठ्ठीच्या गुंडाळ्या

माझं आणि माझ्या थोरल्या जावेचं कधीच पटलं नाही, आणि या गुंडाळ्यांच्या प्रकरणानंतर तर बोलणंच बंद झालं. हे आधीच सांगून ठेवते. म्हातारपणी दोन जावा जवळ आल्या अशी गोष्ट ऐकायची लोकांना सवय असते. ही तशी नाही.

तिला घरात सगळे अक्का म्हणतात. ती देगलूरकडची, तिकडं थोरलीला अक्काच म्हणतात. मी लातूरची, म्हणून तिच्या तोंडी मी कायम ‘लातूरवाली’. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण तिनं मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. आता दोघींचे नवरे नाहीत. ती नांदेडला सासऱ्यांनी बांधलेल्या घरात मुलासोबत राहायची. मी लातूरला एकटी असते. शाळेत संगीत शिकवायचे, आता निवृत्त आहे.

गेल्या दिवाळीनंतर तिचा फोन आला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

“घर पाडून फ्लॅट करून राहिलेत. तुझ्या सासऱ्याचा पत्र्याचा ट्रंक हाय माळ्यावर. न्यायचा असंल तर रविवारपर्यंत ने. न्हाईतर रद्दीवाल्याला सांगितलंय मी.”

‘तुझ्या सासऱ्याचा.’ जसं काही तिचे ते कुणीच नव्हते.

ट्रंकात काय आहे ते मला माहीत होतं. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामा रेल्वेत हेडक्लार्क होते. साहेबलोकांचा क्लब बंद पडला तेव्हा तिथला पियानो त्यांनी लिलावात उचलला होता. साधा पियानो नव्हे, आपोआप वाजणारा. त्याच्या पोटात भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी अडकवायची, खाली दोन पायट्यांवर आळीपाळीनं पाय मारून भाता चालू ठेवायचा. कागद वरून खाली सरकत जातो, भोक आलं की त्या जागेची पट्टी आपली आपण दाबली जाते. वाजवणाऱ्याला सुराचं काही कळायची गरज नाही. पायात बळ पाहिजे, बस्स. घरात त्याला सगळे पायपेटी म्हणायचे. पियानो पुढं वाळवीनं खाल्ला, गुंडाळ्या तेवढ्या उरल्या.

मी शनिवारी नांदेडला गेले. अक्का ओट्यावर बसून होती. तिनं आत बोट दाखवलं. मी ट्रंक उचकटला. चाळीस गुंडाळ्या होत्या. एकीलाही डबी नव्हती की चिठ्ठी नव्हती.

“यांची नावं?” मी विचारलं.

“उंदरानं खाल्ली.”

ट्रंक बसमध्ये चढवताना कंडक्टरशी भांडण झालं. लोह्यापर्यंत तो मला ऐकवत होता, आणि अहमदपूरपर्यंत मी मनातल्या मनात अक्काला ऐकवत होते. तिच्याकडं होते तेवढ्या वेळात तिनं चहाही विचारला नव्हता.

हैदराबादला एक गृहस्थ आहेत, जुनी वाद्यं दुरुस्त करतात. त्यांच्याकडं असा एक पियानो अजून चालू आहे, हे मला एका जुन्या विद्यार्थिनीकडून कळलं. मी त्यांना फोन केला. ते खूश झाले, पण एक अट घातली. “नाव माहीत नसलेला, गती माहीत नसलेला जुना कागद मी यंत्रावर चढवत नाही. चुकीच्या गतीनं ओढला तर फाटतो. तुम्ही ओळखून, चिठ्ठ्या लावून पाठवा. सगळ्या चाळीस पाठवा, संच फोडू नका.”

मग मी कामाला लागले. आमच्या गल्लीतल्या सुतारचाचांकडून कागदाच्या रुंदीइतकी एक लाकडी पट्टी करून घेतली, तिच्यावर अठ्ठ्याऐंशी खुणा पाडल्या, एका सुराला एक खूण. सकाळी फरशी पुसून गुंडाळी पसरायची, कडेनं वरवंटा, खलबत्ता, वजनं ठेवायची. पट्टी कागदावर आडवी ठेवून एकेक इंच पुढं सरकायचं. कुठल्या खुणेखाली भोक आहे ते वहीत सा-रे-ग-मनं लिहायचं. बारीक भोक म्हणजे सूर तोडलेला, लांब चीर म्हणजे लांबवलेला. पानभर झालं की पेटीवर वाजवून बघायचं. गुडघे फरशीला लागून निळे पडले.

काही लवकर सापडल्या. दोन चर्चमधल्या प्रार्थना होत्या, लातूरच्या मिशन शाळेत मी त्या ऐकल्या होत्या. एक पलटणीच्या कवायतीची चाल होती. एक तीन-तीन मात्रांची, गिरक्या घेत नाचायची लांबलचक चाल, फार सुंदर. तिच्या मध्यावर कागद फाटलेला होता आणि निळ्या कापडाची बारीक पट्टी डकवून कुणीतरी तो सांधला होता; गुंडाळल्यावरही त्या कापडाचं टोक कडेनं डोकावायचं. ती उतरवायला मला तीन आठवडे लागले. माझी एकटीची कमाई होती ती. पण बाकीच्यांचं काही जमेना. आणि ज्या ओळखल्या त्यांचीही गती कळेना. गतीचा आकडा सुरुवातीला नावाजवळ छापलेला असतो, आणि तेवढाच भाग एकूण एक गुंडाळीवरून गायब होता.

एक दिवस मी दहा-बारा गुंडाळ्यांची टोकं शेजारीशेजारी ठेवली. उंदीर असं खात नाही. प्रत्येक टोक सरळ रेषेत कापलेलं होतं, नावाच्या खाली, पहिल्या भोकाच्या वर, सगळीकडं एकाच जागी.

मी पिशवीत पाच गुंडाळ्या घातल्या, पट्टी आणि वही घेतली आणि सकाळच्या बसनं नांदेड गाठलं.

अक्का तोवर मुलाच्या भाड्याच्या घरात राहायला गेली होती. लोखंडी पलंगावर बसून ती धर्माबादच्या मिरच्यांचे देठ खुडत होती. मी नमस्कार केला. ती म्हणाली, “आता काय राहिलं न्यायचं?”

मी पिशवी पायाशी ठेवली, वरची एक गुंडाळी काढली आणि तिच्यापुढं कापलेलं टोक धरलं.

“हे उंदरानं केलं?”

तिनं बघितलं आणि पुन्हा मिरची उचलली. “इळीवर कापलं. मीच.”

“का?”

“तुला काय करायचंय?”

“अक्का, ही ठेव आहे. शंभर वर्षांचा कागद आहे. कुणी असं कापतं का?”

“ठेव!” ती हसली. ते हसू मला चांगलं ओळखीचं होतं. “तू गादीवर बसून ऐकलंस, तुझ्यासाठी ठेव. पाय कुणाचे होते?”

ते खरं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा पायट्यांवर अक्का असायची. मामांचे पाहुणे यायचे, स्टेशनमास्तर, इन्स्पेक्टर, कधी वकील. चहा झाला की मामा हाक मारायचे. अक्का पदर खोचून स्टुलावर बसायची, पाठमोरी. मी शिकलेली, संगीतातली, म्हणून मामा मला पाहुण्यांत बसवायचे आणि ओळख करून द्यायचे. अक्काची ओळख करून दिलेली मी कधी ऐकली नाही. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट तिचा रागच यायचा. मामा म्हणायचे, “ते परवाचं लाव,” आणि ती भलतंच लावायची. मामा चिडायचे, पाहुणे चुळबुळायचे. मला वाटायचं, किती मठ्ठ बाई आहे.

एकदा मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, “अक्का, जरा हळू पाय मारा, लय तुटतेय.”

तिनंच ते वाक्य आता मला जसंच्या तसं ऐकवलं. माझा आवाज काढून.

“मी लहान होते,” मी म्हणाले.

“लहान न्हवतीस. बी.ए. होतीस.”

मी ते गिळलं, कारण मला तिच्याकडून काम करून घ्यायचं होतं. भांडून उठावं असं वाटत होतं, पण चाळीस गुंडाळ्या डोळ्यांपुढं होत्या. मी हातातली गुंडाळी जमिनीवर पसरली आणि वहीत लिहिलेले सूर गुणगुणून दाखवले. म्हटलं, ही कसली चाल आहे, ऐकलीस का कधी? दोन महिने डोकं फोडतेय, कशातच बसत नाही.

अक्कानं मिरच्यांची परात बाजूला सारली आणि वाकून पाहिलं.

“बसंल कशी? कागद पालथा घातलायस. चकाकती बाजू वर पायजे. तुझं खालचं वर आन् वरचं खाली झालंय.”

मी कागदावर बोट फिरवलं. एक बाजू किंचित गुळगुळीत होती. टोकं कापलेली असल्यामुळं छापील खूण कुठलीच उरली नव्हती, आणि मी ही एक गुंडाळी पहिल्यापासून पालथी वाचत होते. दोन महिने. संगीताची शिक्षिका. अक्काच्या चेहऱ्यावर समाधान होतं आणि तिनं ते लपवलं नाही.

“ह्या मुंग्या हायेत,” ती म्हणाली.

“काय?”

“हिला मी मुंग्या म्हणायची. भोकं बघ, मुंग्याची रांग लागल्यावानी. काटा ऐंशीवर.”

त्या पियानोला गतीचा एक काटा होता, आणि तिला प्रत्येक गुंडाळीचा आकडा तोंडपाठ होता. इंग्रजी अक्षर तिला वाचता येत नव्हतं, आकडे येत होते. मी वही पुढं ओढली आणि माझ्याकडची टिपणं वाचत गेले. कुठली कशी दिसते, कुठं भोकं दाट, कुठं विरळ. ती सांगत गेली. कौतुकानं नव्हे, भांडी आदळावीत तसं सांगत होती. जिना, काटा सत्तरवर. गारा, नव्वदवर. रडकी, पन्नासवर, पण मधी उचलावं लागतं, न्हाईतर मरगळती. बैलाचा पाय. भिंगरी. आगगाडी. मी भराभर लिहीत होते. जगात कुणाकडं नसेल एवढी माहिती या बाईकडं होती आणि तिला तिची घृणा होती.

चाळिसातल्या एकोणचाळीस झाल्या. मग मी म्हणाले, “आणि ती निळ्या कापडाची पट्टी लावलेली?”

तिनं मान वर केली.

“ती हाय अजून?”

“आहे.”

मग तिनं सांगितलं. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. मामांकडं मोठे पाहुणे आले होते आणि ती काटा सत्तरवर लावून ही गुंडाळी वाजवत होती. देगलूरहून तिचा चुलतभाऊ सांगावा घेऊन आला. तिचे वडील शेवटच्या घटका मोजत होते, लगेच निघ, असा सांगावा. मामांनी त्याला दारातच अडवलं. म्हणाले, एवढी गुंडाळी संपू दे, पाहुण्यांचा रसभंग नको. भाऊ ओट्यावर बसून राहिला. अक्का पाठमोरी पाय मारत होती, तिला काही कळलं नाही. गुंडाळी संपली. पाहुणे म्हणाले, पुन्हा एकदा होऊ दे. तिनं उलटी फिरवून पुन्हा लावली. दुसऱ्या खेपेला कागद फाटला, तेव्हा मामा बाहेर गेले आणि मग तिला सांगितलं. देगलूरची बस निघून गेली होती. पुढची मिळेपर्यंत उशीर झाला. ती पोचली तेव्हा वडिलांना नेलं होतं.

“तोंड दिसलं न्हाई मला,” अक्का म्हणाली. “तेरावं करून आले, आन् समद्याच्या चिठ्ठ्या कापून बंबात घातल्या. डब्या बी जाळल्या. मामा म्हणला, कुणी केलं? म्हणलं, उंदीर. मग तो म्हणायचा अमकं लाव. म्हणायची, कंचं मामा? चिठ्ठी कुठं हाय? लावायची मनाला येईल ते. हळूहळू पाहुणे यायचे बंद झाले.”

मी तेव्हा तिला मठ्ठ समजत होते.

“ती मला दे,” अक्का म्हणाली. “बाकीच्या घेऊन कुठं बी जा. ती एक दे.”

आणि मी म्हणाले, “ती इथं नाही अक्का. हैदराबादला पाठवली.”

ती गुंडाळी माझ्या पायाशी, पिशवीत होती.

हे मी का केलं, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. संच फोडू नका असं ते गृहस्थ म्हणाले होते, हे एक. तीन आठवडे गुडघ्यावर घालवून मी ती एकटीनं उलगडली होती, हे दुसरं. ती जाळेल ही भीती होती. पण याच्याही खाली आणखी काहीतरी होतं. तासाभरापूर्वी तिनं मला पालथा कागद दाखवून हसून घेतलं होतं, आणि आता तिला हवं असलेलं काहीतरी माझ्या हातात होतं.

तिनं मान हलवली. “बरं,” म्हणाली आणि परात पुढं ओढली. मी निघाले तेव्हा तिनं वर पाहिलं नाही.

पुढच्या पंधरवड्यात मी चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या. वर मी ओळखलेलं नाव किंवा प्रकार, खाली अक्कानं ठेवलेलं नाव, कोपऱ्यात काट्याचा आकडा. निळ्या पट्टीचं नाव तिनं सांगितलं नव्हतं, तिथं खालची ओळ कोरी राहिली. गुंडाळ्या हैदराबादला गेल्या. ते गृहस्थ आठवड्याभरात फोनवर जवळजवळ नाचले. आकडे तंतोतंत बरोबर होते. त्यांनी एकेक वाजवून, ध्वनिमुद्रण करून माझ्या मोबाइलवर पाठवायला सुरुवात केली. निळ्या पट्टीची त्यांनी चौथ्या दिवशी पाठवली.

मी दुपारी जेवण उरकून ऐकायला बसले. माझ्या पेटीवर ती कधीच अशी वाजली नव्हती. दोन्ही हातांनी एकाच वेळी, भरून, गिरक्या घेत, आनंदानं नुसती उधळत होती. मोबाइलवर खाली वेळ दिसत होता. दोन मिनिटं झाली, तीन झाली. मला ओट्यावर बसलेला तो माणूस दिसायला लागला. तो काय करत असेल? त्याला आतली पाठमोरी बहीण दिसत असेल का? पाच मिनिटं झाली. चाल संपायचं नावच घेत नव्हती, पुन्हा पुन्हा पहिल्याकडं यायची. सहाव्या मिनिटाला मी ते बंद केलं. पुढची दोन मिनिटं मी आजवर ऐकलेली नाहीत.

संध्याकाळी मी अक्काला फोन लावला. म्हणाले, “मी तुझ्याशी खोटं बोलले. ती गुंडाळी त्या दिवशी माझ्याजवळच होती.”

“ठावं हाय,” ती म्हणाली. “पिशवीतून निळं कापड दिसून राहिलं होतं. म्हणलं, बघू, लातूरवाली काय करती.”

फोन तिनं ठेवला.

मी हैदराबादला कळवलं की ती गुंडाळी परत पाहिजे. ते गृहस्थ नाराज झाले, दोन शब्द मलाही ऐकवले, ते बरोबरच होते. पण त्यांनी ती नीट डबीत घालून पाठवली. ती घेऊन मी तिसऱ्यांदा नांदेडला गेले. तिच्यावरची माझी चिठ्ठी मी काढून टाकली होती.

दार तिच्या सुनेनं उघडलं. मागून अक्का आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. मी डबी पुढं केली.

“आणलीय,” मी म्हणाले. “तुझी तू काय करायचं ते कर. जाळायची तर जाळ.”

तिनं हात पुढं केला नाही.

“मागितली तवा पायजे होती,” ती म्हणाली. “आता तुला सोसंना म्हणून आणलीस. तुझं ओझं मी कशाला घेऊ?”

“अक्का, मी चुकले.”

“चुकलीसच की.”

सून मध्ये काही बोलायला गेली, तिला तिनं आत पाठवलं. मग माझ्याकडं एकदा नीट पाहिलं आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. कडी घातल्याचा आवाज मात्र मला आला. डबी तशीच घेऊन मी जिना उतरले. मला तिचा संताप आला होता. आपण माफी मागितली की समोरच्यानं ती घ्यायलाच पाहिजे, असं मला त्या वयातही वाटत होतं.

त्यानंतर भोकरला नात्यातल्या एका लग्नात आम्ही समोरासमोर आलो. तिनं बायकांशी बोलत बोलत जागा बदलली आणि दुसऱ्या पंगतीत जाऊन बसली. मीही उठून गेले नाही. खरं सांगायचं तर ती मला आजही आवडत नाही. तिचं ते हसू, ते टोचून बोलणं मला आजही सहन होत नाही. फक्त तिच्याविषयी पूर्वी जे समजत होते ते खोटं होतं, एवढं कळलंय, आणि त्यानं आवड वाढत नाही.

हैदराबादच्या गृहस्थांकडं लोक ऐकायला येतात. त्यांनी यादी छापलीय, तिच्यात ‘मुंग्या’, ‘गारा’, ‘बैलाचा पाय’ अशी नावं इंग्रजी नावांखाली आहेत. ही नावं कुणी ठेवली असं लोक विचारतात म्हणे. अक्काला विचारल्याशिवाय मी सांगू शकत नाही, आणि विचारायची सोय राहिलेली नाही. परवा त्यांचा पुन्हा फोन आला होता. यादीत एक जागा रिकामी दिसते, ती चाळिसावी पुन्हा कधी पाठवता? मी म्हणाले, ती माझी नाही. मग कुणाची, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, माझ्या मोठ्या जावेची. ते म्हणाले, त्यांचा नंबर द्या, मी बोलतो.

मी नंबर दिला नाही.